‘हा धडा घरी वाचून घ्या’ म्हणणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांस

प्रिय शिक्षक बंधू-भगिनींनो,



आपण रोज एका स्टाफरूममध्ये बसतो, एकमेकांच्या डब्यातली भाजी खातो, एकमेकांच्या घरच्या लग्नकार्यात राबतो. तरी हे पत्र उघडपणे लिहायची वेळ आली, कारण समोर बसून बोलायला गेले की तुम्ही हजेरीपटात मान घालता. पत्र आपल्या शाळेतल्या सहकाऱ्यांना लिहिलं आहे, पण तुमच्यासारखे शिक्षक प्रत्येक तालुक्यात आहेत. ज्याला हे आपल्यालाच आलंय असं वाटेल, त्याने ते आपलंच समजावं.

झालं ते तुम्हाला माहीत आहे, पण तुमच्याकडून सांगितलं जातंय ते वेगळं आहे. दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २ मधला ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग २’ हा तिसरा धडा मी वर्गात शिकवला. मुलांना मैदानावर पिटाळलं नाही, मुलींना वेगळ्या खोलीत नेलं नाही. मानवी प्रजनन संस्था, मासिक पाळी, जुळी मुलं, टेस्ट ट्यूब बेबी, सरोगसी हे सगळं बालभारतीने छापलंय, आकृत्यांसकट. मी घरून काही आणलं नाही. आणला तो फक्त बुटाचा एक रिकामा खोका. त्याला वरून चीर पाडली आणि म्हटलं, ज्याला जे विचारायचंय ते नाव न घालता लिहून यात टाका.

मग एका पालकाने संस्थेच्या एका संचालकांना फोन केला आणि मला मुख्याध्यापकांच्या दालनात बोलावणं आलं. विद्यार्थ्यांपुढे अश्लील विषय काढल्याबद्दल लेखी खुलासा सादर करावा, असं पत्र हातात पडलं. त्या पत्राचं मला फार दुःख नाही. संस्थेची मंडळी शिक्षक नाहीत. त्यांना वर्ग म्हणजे काय हे सांगावं लागतं, आणि ते मी सांगितलं. दुःख तुमचं आहे.

तुमच्यातल्या एका सरांनी सांगितलं, “पोर्शन उरकून टाकायचा ना मॅडम, नसती उठाठेव कशाला?” एका मॅडमनी माझ्याच मुलीचं नाव काढून विचारलं, “तिलाही असंच सांगता का?” हो, तिलाही असंच सांगते. आणखी एक जण जिन्यात गाठून हळूच म्हणाले, “तुमचं बरोबर आहे, पण माझं नाव कुठं घेऊ नका.” सगळ्यांत खोल लागलं ते दुसऱ्या तुकडीला विज्ञान शिकवणाऱ्या सरांचं बोलणं. मुख्याध्यापकांसमोर ते म्हणाले, “आम्ही तो धडा घरी वाचून घ्या म्हणून सांगतो. आजवर एक तक्रार नाही.”

तक्रार कशी येईल, सर? न शिकवलेल्या धड्याची तक्रार करायला कोण येतं? ती करायला हवी होती मुलांनी, आणि आपल्याकडून काय काढून घेतलं गेलंय हेच त्यांना माहीत नाही.

त्या खोक्यातल्या चिठ्ठ्या तुम्ही कोणी वाचल्या नाहीत. मी दाखवायला आणल्या तेव्हा तुम्हाला तास होते. म्हणून त्यातल्या काही इथे सांगते. अक्षर ओळखू येईल असं काही सांगत नाही.

वहीच्या मागच्या पानाचा फाटका तुकडा, पेन्सिलने लिहिलेला: फडावर असताना पाळी आली तर कापड कुठं धुवायचं, कॅनॉलवर सगळे गडी असतात. ही आपल्या मराठवाड्यातली पोर आहे. दिवाळीच्या सुमाराला आई-बापाबरोबर ऊसतोडीला जाते, उन्हाळ्यात परत येते आणि मधल्या काळात आपण तिच्या नावापुढे ‘सतत गैरहजर’ लिहितो. तिच्या प्रश्नामागे काय आहे ते बीड जिल्ह्याला चांगलं ठाऊक आहे. २०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीसाठी जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ बायकांची गर्भाची पिशवी काढलेली होती. पाळीचा खाडा झाला की मजुरी बुडते, मुकादम दंड लावतो, अंगावरून जातं म्हणून दवाखान्यात गेलं की डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो. यातल्या किती जणींना शाळेत कोणी सांगितलं होतं की गर्भाशय म्हणजे मूल झाल्यावर निकामी होणारी वस्तू नव्हे? तिशीच्या आत पिशवी काढून बसलेली बाई कधीतरी कुणाच्या तरी वर्गात पोरगी म्हणून बसली होती. त्या वर्गात हा धडा झाला होता का, हे मला तुम्हाला विचारायचं आहे.

दुसरी चिठ्ठी: माझं लग्न ठरलंय, मला काहीच माहीत नाही, विचारलं तर आई मारते. नवऱ्यासोबत बायको असली की कोयता, म्हणजे ऊसतोडीची जोडी, पुरा होतो आणि जोडीला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते, म्हणून हंगामाच्या तोंडावर इकडे लग्नं उरकतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या शंभर बायकांपैकी जवळपास २२ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. परभणीत हा आकडा ४८ होता, बीडमध्ये जवळपास ४४. आपल्या पटावरची मुलगी नववीत दिसेनाशी होते तेव्हा आपल्यातल्या प्रत्येकाला खरं कारण माहीत असतं. तुमच्यातले काही जण तर पंगतीला बसून आलेले असतात.

तिसरी चिठ्ठी घडी घालून घालून नखाएवढी केली होती. मुलींबद्दल काही वाटत नाही, एका मित्राबद्दल वाटतं, यावर औषध असतं का? सर, मी विज्ञान शिकवते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलैंगिक संबंध कलम ३७७च्या गुन्ह्यातून वगळले. अशा व्यक्तीला ‘बरं’ करतो म्हणून उपचार करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन ठरेल, असं २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सांगितलं. इतकं सगळं ठरून गेल्यावरही आपल्या वर्गातलं एक पोर औषध शोधतंय. मी वर्गात उत्तर दिलं: हा आजार नाही, त्यामुळे औषध नाही, आणि औषध आहे म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. इतकंच. खुलाशाच्या पत्रात जो ‘अश्लील विषय’ म्हटलाय त्यात हेही आलं.

आणखी एक चिठ्ठी, मुलाच्या हातची वाटते: मोबाईलवर पोरं दाखवतात तसं खरंच असतं का? आपण शिकवलं नाही म्हणून मुलं कोरी राहत नाहीत. तुम्ही सोडलेली जागा मोबाईलने घेतली आहे, आणि तो मुलगा त्या मोबाईलबद्दल शंका आली म्हणून शाळेत विचारायला आला होता. आपल्यावरचा हा विश्वास मला फार मोठा वाटतो. तो तुम्हाला अडचणीचा वाटला याचं मला वाईट वाटतं.

आता त्या मुलाबद्दल बोलते ज्याचं नाव आपल्या पटावर आज नाही. तुम्हाला तो आठवतो. गॅदरिंगमध्ये त्याने लावणी केली होती. तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, एका सरांनी शंभराची नोट दिली. दुसऱ्या दिवशी परिपाठाच्या रांगेत त्याला ‘बायल्या’ म्हटलं गेलं आणि तुमच्यातले काही जण हसले. पी.टी.च्या तासाला त्याला सगळ्यांदेखत चालून दाखवायला लावलं, “मर्दासारखं चाल” म्हणून. मुलांच्या स्वच्छतागृहात त्याच्याशी काय व्हायचं ते त्याने मला सांगितलं होतं. तो शाळेत दिवसभर पाणी प्यायचा नाही. मी मीटिंगमध्ये विषय काढला तेव्हा ‘पोरं आहेत, मस्ती करतात’ असं उत्तर मिळालं. त्याच्या दाखल्यावर शाळा सोडण्याचं कारण ‘पालकांची विनंती’ असं लिहिलं आहे. ते खोटं आहे, आणि तो दाखला त्याला जन्मभर वापरायचा आहे.

याच महाराष्ट्राने नारायणराव राजहंसांना बालगंधर्व म्हणून डोक्यावर घेतलं. त्यांची भामिनी, त्यांची सिंधू या स्त्रीभूमिका पाहायला लोकांनी नाटकगृहं भरली. घरंदाज बायकांनी त्यांच्या साड्यांची आणि दागिन्यांची नक्कल केली. १९६४ साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिलं. तुमच्यातल्या कित्येकांना त्यांची पदं पाठ आहेत. मग तुमच्या डोळ्यांसमोर एका पोराची चाल मुलीसारखी आहे म्हणून त्याचे हाल झाले, तेव्हा तुम्हाला कुठेच काही कसं वाटलं नाही? शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात बंदी आहे. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या २०१९च्या कायद्याने मान्यताप्राप्त शाळांना भेदभावाविना शिक्षण देणं बंधनकारक केलं आहे. या कायद्यांची अंमलबजावणी करायला वर्गात फौजदार येणार नाही. तिथे आपणच असतो.

तुम्ही म्हणाल, हे वरच्यांचं काम, आपण काय करणार. वरच्यांनी माघार घेतली हे मला मान्य आहे. २००७ साली केंद्राच्या किशोरावस्था शिक्षण कार्यक्रमावरून आपल्या विधिमंडळात सगळ्या पक्षांच्या आमदारांनी गदारोळ केला आणि राज्याने तो शाळांत बंद केला. २०२१ साली एनसीईआरटीने शिक्षकांसाठी ट्रान्सजेंडर मुलांच्या समावेशाबद्दल चांगली प्रशिक्षण-पुस्तिका काढली. बालहक्क आयोगाने आक्षेप घेताच ती संकेतस्थळावरून गायब झाली. पण त्याच सरकारी यंत्रणेतून २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात आई-वडील मिळून भाजी निवडतानाचं चित्र आलं. २०२२ साली प्रत्येक शाळेत विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी सखी-सावित्री समिती स्थापन करायचा शासन निर्णय आला. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लैंगिक शिक्षणाबद्दलचे गैरसमज दूर करायला आणि ते व्यापकपणे द्यायला सांगितलं. दहावीचा धडा तर कोणी काढलेलाच नाही. पुस्तक वर्गापर्यंत पोचलं आहे. ते पुढे जात नाही, कारण खडू आपल्या हातात आहे आणि आपण पाठ फिरवतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर शाळेच्याच सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचं उघडकीला आलं. अख्खं गाव रेल्वे रुळांवर उतरलं. आपल्या स्टाफरूममध्येही त्या दिवशी सगळे संतापले होते, मीही. त्यानंतर आपली सखी-सावित्री समिती घाईने कागदावर आली, नावांचा फलक लागला. तिची एकही बैठक झाल्याचं मला आठवत नाही, आणि मी तिची सदस्य आहे. ज्या अवयवाचं नाव घरात घेत नाहीत, शाळेत घेत नाहीत, त्या अवयवाला कोणी हात लावला हे लेकराने कोणत्या शब्दांत सांगायचं? लैंगिक अत्याचारांपासून मुलांचं संरक्षण करणारा पोक्सो कायदा २०१२चा आहे. तो कायदा मुलाच्या तोंडून निघणाऱ्या शब्दापासून सुरू होतो, आणि तो शब्द आपण द्यायचा असतो.

जुलै २०२५ मध्ये शहापूर तालुक्यात तर कहर झाला. स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून एका खासगी शाळेत मुलींना बोलावून पाळी आली आहे का याची अंग तपासून खात्री करण्यात आली. मुख्याध्यापिकेला अटक झाली. तुम्ही म्हणालात, “किती विकृत!” पण पाळी आलेल्या मुलीने बाकावर डाग पडल्यावर उठायचं नाही, सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीतून न्यायचं, पोट दुखतंय एवढंच सरांना सांगायचं, ही शिकवण आपल्याच शाळांत मिळते. शहापूर त्याच वाटेवरचं पुढचं गाव आहे.

आणि खर्डा विसरू नका. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातलं खर्डा, एप्रिल २०१४. सतरा वर्षांचा दलित विद्यार्थी, वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो एवढ्या संशयावरून त्याला शाळेच्या आवारात मारहाण झाली आणि पुढे जीव घेतला गेला. खटला उभा राहिला, तो २०१७ साली पडला, कारण साक्षीदार फिरले. सगळे आरोपी सुटले. फिरलेल्यांत शाळेतली माणसंही होती. वयात आलेल्या मुलामुलींचं बोलणं हा आपल्या समाजात जातीचाही प्रश्न आहे, म्हणून मी वर्गात आकर्षण, संमती, नकार या गोष्टी शिकवल्या तेव्हा जातीबद्दलही बोलले. ‘विज्ञानाच्या तासाला राजकारण’ हा खुलाशाच्या पत्रातला दुसरा मुद्दा याच बोलण्यावरून आला. कोणत्या मुलीशी कोणता मुलगा बोलला तर जीव जातो, हे माझ्या वर्गातल्या मुलांना मी शिकवण्याआधीच माहीत आहे. त्यांना शाळेकडून फक्त एवढं ऐकायचं आहे की हे चूक आहे.

दर ३ जानेवारीला आपण सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार घालतो. त्यांच्या आणि जोतीरावांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीने १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. डोक्यावर छप्पर नसताना, थंडी-पावसात बाळंत होणाऱ्या आपल्या जातीतल्या बायकांचे हाल त्या शाळकरी पोरीने त्यात मांडले. तिच्या शिक्षकांनी तिला गप्प केलं नाही. दीडशेहून अधिक वर्षांनी फडावरच्या पाळीबद्दल विचारणाऱ्या पोरीच्या चिठ्ठीला आपली शाळा अश्लील म्हणते.

६ डिसेंबरला बाबासाहेबांना अभिवादन करतो. त्यांनी लढवलेला एक खटला आठवा. गणिताचे प्राध्यापक र. धों. कर्वे यांनी संततिनियमनाच्या कामापायी नोकरी सोडली आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. वाचकांच्या खासगी प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ साली त्यांचं वकीलपत्र घेतलं ते बाबासाहेबांनी. खटला हरले, तरी कर्वे एकटे पडले नाहीत. सुटाबुटातल्या बॅरिस्टरने बदनामीची पर्वा न करता त्यांच्या शेजारी उभं राहायचं ठरवलं. मला तुमच्याकडून एवढंच हवं होतं.

तुमच्या भीतीचा मी अनादर करत नाही. मानधनावर काम करणाऱ्या शिक्षणसेवकाने एकट्याने संस्थेशी झगडावं असं मी कधी म्हणणार नाही. पण आपल्यातले बहुतेक जण कायम आहेत, वेतनश्रेणीत आहेत, संघटनेत आहेत. पेन्शनच्या मोर्चाला आपण मुंबईपर्यंत जातो, मीही येते. पुस्तकातला एक धडा शिकवला म्हणून सहकाऱ्याला नोटीस येते तेव्हा संघटनेचा तालुकाध्यक्ष आजारी पडतो, हे मला पटत नाही.

‘हे आई-वडिलांचं काम’ असंही तुम्ही म्हणता. माझ्या वर्गातल्या निम्म्याअधिक मुलांचे आई-वडील सहा महिने घरी नसतात. जे असतात त्यांनाही त्यांच्या शाळेने हा धडा घरी वाचायलाच सांगितला होता. ज्या घरात पुस्तकं आहेत, ओळखीचा डॉक्टर आहे, शहरातली मावशी आहे, तिथलं मूल कसंबसं शिकेल. तांड्यावरच्या, वस्तीवरच्या, हंगामी वसतिगृहातल्या मुलाला आपल्याशिवाय कोणी नाही. तुमच्या गप्प बसण्याची किंमत नेहमी याच मुलांनी मोजली आहे.

माझं मागणं मोठं नाही. येत्या जूनपासून तिसरा धडा दोन्ही तुकड्यांत, मुलामुलींना एकत्र बसवून, बाकीच्या धड्यांइतकेच तास देऊन शिकवला जावा. आकृतीपुरता नाही. सखी-सावित्री समितीची बैठक महिन्याला व्हावी आणि तिचं इतिवृत्त फलकावर लागावं. ‘बायल्या’, ‘छक्का’ हे शब्द शिक्षकाच्या तोंडून येऊ नयेत, आणि मुलाच्या तोंडून आले तर शिक्षकाने तिथल्या तिथे थांबवावं. मुलगी नववीत दिसेनाशी झाली की वर्गशिक्षकाने ग्रामसेवकाला, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याला, कळवावं. बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तोच असतो. आणि शाळा सोडून गेलेल्या त्या मुलाच्या घरी आपण सगळ्यांनी मिळून जावं, त्याला परत बोलवावं, त्याच्या आई-वडिलांपुढे झालं ते चूक होतं असं शाळेच्या वतीने सांगावं. पत्ता माझ्याकडे आहे.

माझ्या शिकवण्यात चूक दिसली असेल तर वर्गात मागे बसून पाहा आणि तोंडावर सांगा. मी ऐकेन, भांडेन, पटलं तर बदलेन. माझ्याशी अबोला धरायचा असेल तर धरा. पण पोरांनी विचारलेल्या प्रश्नांशी अबोला धरू नका. शिक्षक म्हणून त्याचा अधिकार आपल्याला नाही.

तुमची,
दहावी ‘अ’ची विज्ञान शिक्षिका